बारा बोअर, ओलं सोयाबीन आणि माझा सेमिनार

थर्ड इयरला सेमिनार नावाचं एक प्रकरण असतं हे आपण सगळे जाणतोच. वीस पानांचा रिपोर्ट, स्पायरल बाइंडिंग, पंधरा स्लाइड्स आणि शेवटी "एनी क्वेश्चन्स?" म्हटल्यावर वर्गात पसरणारी ती सुखद शांतता! बरेच जण सीनियर्सचा जुना रिपोर्ट शोधतात, पहिलं पान बदलतात आणि मोकळे होतात. मला मात्र त्या वर्षी जरा जास्तच उत्साह होता. मी विषय दिला, "वेगवेगळ्या ताकदीच्या काडतुसांवर सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन न अडकता कशी चालते?" सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बंदूक? नको रे बाबा. समाजाला उपयोगी असं काहीतरी घे." दुसऱ्या दिवशी मी विषय बदलून दिला, "बहुपीक मळणी यंत्र". सरांनी लगेच सही केली.

आज या पानावर कबूल करून टाकतो. मी विषय बदललाच नव्हता!

कसं ते सांगतो, पण त्यासाठी तुम्हाला आधी माझ्या गावी यावं लागेल. मी मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमचा. शुकदास महाराजांचा विवेकानंद आश्रम आणि विवेकानंद जयंतीची महापंगत यामुळे हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुरी-भाजी वाढत जाणारे स्वयंसेवक ज्यांनी पाहिलेत ते ती पंगत विसरणार नाहीत. जानेवारीत पंगतीत मिरवणारा ट्रॅक्टर दसरा-दिवाळीच्या दिवसांत मात्र थ्रेशरला जोडलेला असतो. सोयाबीन संपलं की तूर, मग हरभरा, मग गहू. यंत्र तेच, ड्रम तोच, पीक दरवेळी वेगळं.

आणि बंदूक? ती आमच्या आजोबांची. ठासणीची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं आणि रोही यांनी ज्यांचं पीक एका रात्रीत बसवलंय त्यांना तिचं महत्त्व सांगायला नको. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागला की परत घरी. आजोबा तिच्यात दारू भरायचे ती अंदाजानं. कमी पडली तर नुसतं 'फुस्स', जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी खांदा शेकत बसायचे. पण ती बंदूक कधी अडकली असं झालं नाही. अडकणार कशी? तिच्यात आपणहून पुढेमागे सरकणारं काही नव्हतंच. दारू ठासणं, छर्रे भरणं, सगळं हाताचं काम. दुनळीचंही तेच. नळी मोडायची, रिकामं काडतूस काढायचं, नवं घालायचं. काडतूस हलकं असो वा भारी, हाताला काय फरक पडतो?

भानगड सुरू झाली ती हे हाताचं काम यंत्रानं करायचं ठरवलं तेव्हा. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत चाप ओढला की एक बार निघतो, आणि त्याच बारातली थोडी ताकद चोरून बंदूक रिकामं काडतूस बाहेर फेकते, नवं आत घेते आणि पुन्हा तयार होते. म्हणजे बंदुकीचं इंजिन कोणतं, तर तिचंच काडतूस! आणि हे इंधन दरवेळी सारखं नसतं.

किती वेगळं असतं बघा. बारा बोअर म्हणजे, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी. व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, ज्याची स्थापना १८६९ ची आहे, बारा बोअरची काडतुसं बनत आली आहेत. पण बारा बोअर या एका नावाखाली जगभरात ६५, ७०, ७६ आणि ८९ मिलिमीटर अशा लांबीची काडतुसं मिळतात. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीटमध्ये छऱ्यांचं वजन २४ ग्रॅम. ८९ मिलिमीटरच्या सर्वांत जड काडतुसात ते जवळजवळ ६४ ग्रॅम. पहिलं सेकंदाला साधारण ४०० मीटर वेगानं सुटतं, दुसरं ३५० नं. आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. संवेग पहिल्याचा ९.६, दुसऱ्याचा २२.४. सव्वादोन पट. बंदूक साडेतीन किलोची धरली तर मागे येताना तिच्यात येणारी गतिज ऊर्जा पहिल्यात १३ ज्यूल, दुसऱ्यात ७२ च्या घरात. म्हणजे पाच पटींहून जास्त. वायू आणि वॅडचा हिशोब मी सोडून दिलाय, तो धरला तर दोन्ही आकडे वाढतील. एकच स्प्रिंग, एकच बोल्ट, आणि ताकद कधी एकपट तर कधी पाचपट. कमी पडली तर बोल्ट अर्ध्या वाटेवरून परत येतो आणि रिकामं काडतूस दारातच चेंगरतं. जास्त झाली तर बोल्ट मागच्या भिंतीवर हातोड्यासारखा आदळतो. आज काही होत नाही, पण हजार बारांनंतर काहीतरी तडकतं.

हा प्रश्न पहिल्यांदा धडपणे सोडवला तो जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसानं. १८९८ चं डिझाइन, १९०० चं पेटंट. विंचेस्टरशी त्याचं पैशावरून बिनसलं. मग तो रेमिंग्टनकडे गेला, तर ८ जानेवारी १९०२ रोजी तो बाहेर बसून वाट बघत असतानाच कंपनीचे अध्यक्ष हार्टली हृदयविकारानं गेले. (आपल्याला व्हायवाच्या बाहेर बसून काय वाटतं, आणि याला काय वाटलं असेल!) शेवटी बेल्जियमच्या एफएन कंपनीनं ती बंदूक काढली. हीच पुढे 'ऑटो-५' म्हणून गाजली आणि १९९८ पर्यंत बनत राहिली. तिच्यात नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र मागे येतात, मग नळी आधी पुढे जाते, बोल्ट नंतर. भार बदलला तर काय? ब्राउनिंगनं नळीच्या खालच्या कांबीवर एक ब्राँझचं घर्षण-वलय आणि एक पोलादी कडी ठेवली. भारी काडतूस असेल तर कडी स्प्रिंगच्या पुढे वलयाला भिडवायची, म्हणजे ब्रेक जास्त लागतो. हलकं असेल तर तीच कडी काढून स्प्रिंगच्या मागे ठेवायची, म्हणजे ती ब्रेकच्या कामातून बाद. फक्त एका कडीची जागा बदलायची. डिझाइन म्हणून मला आजही हे फार देखणं वाटतं.

पण लोक कडी बदलायला विसरायचे. हलक्याची मांडणी तशीच ठेवून भारी काडतुसं झाडायची, आणि मग पुढच्या लाकडाला चीर. किंवा उलट, आणि मग बंदूक अडकते. कुणी त्या कांबीला भरपूर तेल लावायचं, की ब्रेकच गेला. दोष कुणाचा? वापरणाऱ्याचा. कारण सूचना लिहिलेली होती ना! हे वाक्य लक्षात ठेवा, थ्रेशरपाशी ते पुन्हा येणार आहे.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. १९५६ मध्ये रेमिंग्टननं नळीला भोक पाडून वायूवर चालणारं 'मॉडेल ५८' काढलं. त्यात पुढच्या टोपणावरच हलकं-भारी निवडायची सोय केली. कडीपेक्षा सोपं, पण आठवण माणसानंच ठेवायची. १९६३ चं 'मॉडेल ११००' लाखांनी खपलं, पण ७० मिलिमीटरच्या मॅग्नमविना काडतुसांना एक नळी आणि ७६ च्या मॅग्नमला दुसरी. १९८७ च्या '११-८७' मध्ये मात्र एक लवचीक पोलादी वलय बसवलं. दाब जास्त झाला की ते आपोआप उचललं जातं आणि जादा वायू बाहेर. माणसाला काही करायचं नाही. अगदी हलक्या काडतुसावर तीही कुरकुर करते, हा भाग वेगळा.

इटलीतल्या उर्बिनोच्या बेनेली कंपनीनं, जी १९६७ पासून बंदुका बनवते, वायूच टाळला. ब्रुनो चिवोलानी या इंजिनिअरची कल्पना अशी की बोल्टच्या आत एक कडक स्प्रिंग ठेवायची. बार झाला की सगळी बंदूक मागे सरकते, पण जड बोल्ट जडत्वामुळे जागीच राहू बघतो, मधली स्प्रिंग दबते, आणि मग तीच स्प्रिंग बोल्टला मागे फेकते. बसमध्ये ड्रायव्हरनं एकदम गाडी काढली की आपलं जे होतं तेच! भाग थोडे, काजळी कमी. पण बंदूक मोकळेपणानं मागे सरकलीच नाही, किंवा काडतूस फारच हलकं असलं, तर हिचंही गाडं अडतं.

आणि मला सगळ्यात आवडलेलं, २०१० चं रेमिंग्टनचंच 'व्हर्सा मॅक्स'. त्यात वायूची सात भोकं काडतूस बसतं त्या जागेतच पाडली आहेत. ७० मिलिमीटरचं काडतूस लावलं तर सातही उघडी, ७६ चं लावलं तर त्याच्या लांबीनं तीन झाकली जातात आणि चार उरतात, ८९ चं लावलं तर तीनच. म्हणजे काडतूस स्वतःच सांगतं, 'मी भारी आहे, मला कमी भोकं पुरे!' ना कडी, ना टोपण. आता लांबी म्हणजे ताकद नव्हे, हे कुणीही म्हणेल. ७० मिलिमीटरमध्येही हलकं-भारी असतंच. पण निदान पहिला अंदाज माणसाच्या आठवणीवर सोडलेला नाही.

एक चुकीचा उपायही सांगायला हवा, कारण तो सगळीकडे सारखाच दिसतो. हलक्या काडतुसावर बंदूक अडकते ना, मग वायूचं भोक मोठं करा! लगेच चालते. सगळे खूश. आणि मग भारी काडतुसावर तीच बंदूक स्वतःला ठोकून ठोकून खिळखिळी करते. (आपल्याकडे हे करायचा विचारही मनात आणू नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो.) भोक मोठं करणारा माणूस मूर्ख नसतो, त्यानं एकाच काडतुसावर चाचणी केलेली असते एवढंच.

आता आमच्या खळ्यात या.

पूर्वी तिवड्याभोवती बैल फिरायचे. ज्वारी असो, गहू असो, हरभरा असो, बैलाचं सेटिंग कुणी बदलत नव्हतं! ओलं असलं तर आणखी दोन फेऱ्या, तुटायला लागलं तर बैल थांबवायचे. हाकणारा डोळ्यांनी बघत असायचा. म्हणजे ही ठासणीची बंदूकच झाली. थ्रेशर आला आणि बैलांचं काम यंत्रानं घेतलं. बघण्याचं काम मात्र कुणीच घेतलं नाही. गव्हाला ड्रम जोरात फिरावा लागतो. सोयाबीनला आणि हरभऱ्याला तोच वेग दिला तर दाण्याची डाळ होते. म्हणून पुली बदला, जाळीतलं अंतर बदला, चाळण्या बदला, पंख्याचं शटर कमी-जास्त करा. हे सगळं ब्राउनिंगची कडी बदलण्यासारखंच आहे, फक्त पाना घेऊन आणि उन्हात उभं राहून. आणि भाड्यानं फिरणारा थ्रेशरवाला दिवसात चार शेतं करतो. तो कितीदा बदलणार?

त्यातून परतीचा पाऊस. सकाळी उंचवट्यावरचं सोयाबीन कडकडीत वाळलेलं, तर संध्याकाळी खोलगटातलं दमट. पीक एकच, शेत एकच, भार दोन. हमीभावानं सोयाबीन घ्यायला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते आणि २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवावी लागली, यावरूनच शेतातून काय निघतं याची कल्पना यावी. एकदा आमच्याच मालाची डाळ जास्त निघाली म्हणून व्यापाऱ्यानं भाव पाडला. ते एक वेळ परवडलं. पण त्याच पोत्यातून पुढच्या वर्षाचं घरचं बियाणं ठेवायचं होतं. सोयाबीनची साल पातळ, दाणा आतून दुखावला तर दिसतही नाही. ते दिसतं जूनमध्ये, तास विरळ निघाल्यावर.

आणि आमच्या मोठेबाबांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत.

मी सातवीत होतो. दिवेलागणीची वेळ, खोलगटातलं दमट सोयाबीन, ड्रम जड व्हायला लागला. पेंढी तोंडाशीच गुंडाळली. ट्रॅक्टर चालूच. मोठेबाबांनी हातानं ती आत लोटली, आणि नेमका त्याच वेळी ड्रम मोकळा झाला. पुढचं मी लिहीत नाही. नंतर जो भेटायला आला तो म्हणाला, "घाई केली." मोठेबाबा स्वतःही तेच म्हणतात. ड्रम का अडकला हे कुणीच विचारलं नाही. सकाळच्या कोरड्या मालाची मांडणी संध्याकाळच्या दमट मालाला तशीच ठेवली होती, हे मला कळलं ते सेमिनारचा अभ्यास करताना, ऑटो-५ च्या कडीबद्दल वाचताना. दोष वापरणाऱ्याचा, नाही का?

भारतात १९८३ सालचा धोकादायक यंत्रांचा कायदा आहे आणि तो मुख्यतः थ्रेशरसाठीच झाला. पेंढी टाकायचं तोंड लांब आणि वरून झाकलेलं असावं, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचू नये, असं मानकातही आहे. ते हवंच. पण हे झालं हात दूर ठेवण्याबद्दल. ज्या कारणानं माणूस हात घालतो ते कारण, म्हणजे अडकणं, तसंच राहतं. अडकलेली वस्तू दिसली की हात तिकडे जातोच. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर आपण काय करतो?

म्हणून माझं मत असं आहे की हाताचं काम यंत्रात घ्यायचं असेल तर डोळ्याचंही थोडं काम घेतलंच पाहिजे. नुसती कडी, पुली आणि सूचनांची पाटी देऊन डिझायनरनं हात झटकू नयेत. हे ऐकून कुणी लगेच सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि मोबाइल ॲप असा प्रोजेक्ट काढेल याची मला खात्री आहे! माझा त्याला विरोध नाही, पण धूळ, कुटार आणि उंदीर या तिघांनी वायरिंगचं काय होतं ते मी पाहिलंय. ११-८७ चं वलय, बेनेलीची स्प्रिंग, व्हर्सा मॅक्सची भोकं, यांत एकही वायर नाही. आपण थिअरी ऑफ मशीन्समध्ये वॅट, पोर्टर, हार्टनेल असे गव्हर्नर सोडवतो ते काय फक्त दहा मार्कांसाठी?

मी मोठेबाबांना माझी कल्पना सांगितली. पेंढी ओढणारा पट्टा ड्रमच्याच शाफ्टवरून चालवायचा, मध्ये स्कूटरमध्ये असतो तसा केंद्रोत्सारी क्लच. ड्रमचा वेग पडला की क्लचचे बूट आत येतील, पट्टा थांबेल, भरणी बंद. ड्रमला दम आला की पट्टा पुन्हा सुरू. मी वहीत आकृती काढून दाखवली. मोठेबाबांनी ती बराच वेळ पाहिली.

"थांबते हे बरं हाय. पण सुरू कोण करते?"

"आपोआप होतं ना, मोठेबाबा."

"अन् तवा माहा हात तिथं असला तं?"

मी गप्प झालो. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून जे मला सुचलं नाही ते त्यांना एका क्षणात दिसलं, आणि का दिसलं हे सांगायला नको. वहीतली आकृती मी त्याच रात्री बदलली. थांबणं यंत्रानं आपलं आपण करावं. पुन्हा सुरू करणं मात्र माणसाच्या हातातल्या दांड्यानंच व्हावं, आणि तो दांडा ड्रमच्या तोंडापासून दोन पावलं लांब असावा. बंदुकीचंही असंच आहे. काडतूस आत चेंगरलं तर ती आपणहून पुन्हा चालू होत नाही. उलट अनेक बंदुकांत शेवटचं काडतूस संपलं की बोल्ट मागेच थांबतो आणि माणसाची वाट बघतो. भार ओळखणं यंत्राकडे द्यायचं म्हणजे सगळंच यंत्राकडे द्यायचं असं नाही. 'सगळं ऑटोमॅटिक' म्हणून मी जे मिरवत होतो त्यात ही मोठीच गल्लत होती.

आता थोडं आपल्याकडे. आमच्या ग्रुपचा फायनल इयरचा प्रोजेक्ट थ्रेशरवरच आहे, हे तुम्ही ओळखलं असेलच. आमच्या आधीही दोन बॅचनी थ्रेशर केले. दोन्ही रिपोर्ट मी वाचले. दोन्हींत कार्यक्षमतेचे आकडे झकास आहेत. चाचणी कशावर? गव्हावर, वाळलेल्या. का? कारण प्रोजेक्टचं सबमिशन मार्च-एप्रिलमध्ये असतं आणि तेव्हा शेतात गहू असतो! ओलं सोयाबीन ऑक्टोबरात असतं, तेव्हा आपण सेमिस्टरच्या परीक्षेला बसलेले असतो किंवा दिवाळीला घरी. म्हणजे आपल्या यंत्राचा भार पिकानं नाही, कॅलेंडरनं ठरवला. एकाच काडतुसावर तपासून भोक मोठं करणाऱ्यापेक्षा आपण फार शहाणे आहोत असं मला तरी वाटत नाही.

मी सरांकडे गेलो. म्हटलं, सर, चाचणी तीन पिकांवर घेऊ या, आणि सोयाबीनची कोरडी आणि दमट अशी दोनदा. आकडे वाईट आले तरी रिपोर्टमध्ये तसेच छापू या. सर म्हणाले, "वाईट आकड्यांना एक्स्टर्नल मार्क देतो का?" प्रश्न चूक नाही. पण थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "सोयाबीन आणायचं कुठून?" म्हटलं, हिवऱ्याहून. परतीचा पाऊस झाल्यावर, खोलगटातलं.

तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली धरली आहे. तेव्हा युनिट टेस्ट आहे, ती पुढे ढकलण्यासाठी अर्ज दिलाय. मोठेबाबा येणार आहेत, पण दांडा आधी बघणार आणि मगच ट्रॅक्टर जोडू देणार असं त्यांनी बजावलंय.